गाणाऱ्यानें श्वास कसा खर्चावा

(मंडळींत गीत चालविणारे बंधु-भगिनी, उपदेशक व शिक्षक यांजकरितां पाठ)



आमच्या ओळखीचे एक उपदेशक आहेत. त्यांचा आवाज मोठा, पाठ केलेलीं भजनें शेंकड्यांनीं, आणि अंगीं उत्साह. रविवारीं सकाळीं उपासना, सायंकाळीं घरोघरीं प्रार्थना, आठवड्यांत एकदां शेजारच्या वाडीवर भजन, आणि सुगीनंतर तीन-तीन तास कीर्तन असा त्यांचा क्रम होता. पहिलीं दोन कडवीं ठीक चालत. तिसऱ्या कडव्यास त्यांच्या मानेच्या शिरा फुगूं लागत. आणि शेवटच्या चरणाला पेटीचा सूर एकीकडे व त्यांचा सूर एकीकडे असें होई. सोमवारीं घसा बसे. लोक खडीसाखर देत, ज्येष्ठमध देत. गुरुवारपर्यंत आवाज उघडे. रविवारीं पुन्हां तेंच. पुढें एका वर्षीं तो उघडेचना. तेव्हां ते आम्हांस हळू, फाटक्या आवाजांत म्हणाले, "देवानें मला दुसरें हत्यार दिलें नाहीं. हेंच मोडलें तर मीं काय करावें?"

हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाहीं. खेड्यांतील उपदेशकाची विद्या, उपजीविका व सेवा ही बहुतांशीं त्याच्या आवाजावर उभी असते. म्हणून या पाठांत आम्ही एकच गोष्ट शिकणार आहों. ती अशी कीं, गाणाऱ्याचा दोष बहुधा गळ्याचा नसतो, श्वासाचा असतो. आणि तोही श्वास थोडा घेतला हा नव्हे, तर घेतलेला श्वास वाईट रीतीनें खर्चला हा असतो.

१. आवाज कसा होतो

पेटी सर्वांनीं पाहिली आहे. एका हातानें भाता हालविला म्हणजे हवा आंतील पितळेच्या पातळ जिभांवरून जाते, त्या कांपतात व सूर निघतो. आपल्या देहांत फुप्फुसें हा भाता आहे. कंठांतील स्वरयंत्रामध्यें असलेल्या दोन स्वररज्जू या त्या जिभा आहेत. आणि घसा, तोंड व नाक हें सूर घुमविणारें लांकडी खोकें आहे.

या स्वररज्जू जिवंत माणसांत गातांना कशा हालतात हें १८५४ सालीं मानुएल गार्सिया यानें पाहिलें. तो वैद्य नव्हता, गायनाचा शिक्षक होता. त्यानें दंतवैद्याचा लहान आरसा स्वतःच्या घशांत मागें धरला, दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्यप्रकाश पाडला, आणि आपल्याच स्वररज्जू जवळ येतांना व दूर होतांना पाहिल्या. १८५५ सालीं त्याची ही हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाचली गेली. स्वरयंत्र पाहण्याची जी विद्या आज डॉक्टरांच्या हातीं आहे, तिचा पाया अशा रीतीनें एका गायनशिक्षकाच्या जिज्ञासेनें मजबूत केला.

पुरुषाच्या स्वररज्जू सुमारें दोन सेंटिमीटर लांबीच्या असतात; स्त्रीच्या त्याहून आंखूड. एखादा पुरुष काळी एकचा षड्ज लावतो, तेव्हां त्या एका सेकंदांत सुमारें १३८ वेळां एकमेकींस भेटतात. म्हणजे एका मिनिटांत ८,००० हून अधिक वेळां. इतक्या नाजूक वस्तूंवर हवेचा लोंढा आदळला तर तीन तासांच्या कीर्तनांत त्यांची काय दशा होईल, याचा विचार वाचकांनींच करावा. कुदळ धरणाऱ्याच्या तळहातास घट्टे पडतात. तसेच बारीक घट्टे, म्हणजे गांठी, ओरडणाऱ्याच्या स्वररज्जूंवर पडूं शकतात. मग त्या दोन कडा नीट मिळत नाहींत, मधून वारा निसटतो, आणि आवाज घोगरा होतो.

२. श्वास घेणें

स्वस्थ बसलेला मोठा माणूस एका मिनिटांत १२ ते २० वेळां श्वास घेतो, आणि प्रत्येक वेळीं सुमारें अर्धा लिटर हवा आंत-बाहेर करितो. दीर्घ श्वास घेऊन तो पुरा सोडला तर हीच हवा तीन ते पांच लिटरपर्यंत भरते. सांठा पुष्कळ आहे. तो उघडावयाचा कसा एवढेंच शिकावयाचें.

फुप्फुसांच्या खालीं, छाती व पोट यांच्या मध्यें, उलट्या कढईसारखा एक स्नायूंचा पडदा आहे. त्यास श्वासपटल म्हणतात. तो आकुंचन पावला म्हणजे खालीं उतरतो, छातींत जागा होते व हवा आंत येते. तो उतरतांना पोटांतील अवयवांस दाबतो, म्हणून पोट पुढें येतें. हवा पोटांत जाते असें मात्र कोणीं समजूं नये. त्याच वेळीं खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंस पसरतात. निजलेल्या तान्ह्या मुलाकडे पाहावें. त्याचें पोट संथपणें वरखालीं होत असतें, खांदे हालत नाहींत. आपणही जन्मतः असाच श्वास घेत होतों. पुढें 'छाती काढून उभा राहा' अशी आज्ञा ऐकत ऐकत आपण खांदे उचलून श्वास घेण्यास शिकलों. खांदे उचलले म्हणजे मान ताठते, मान ताठली म्हणजे कंठ आवळतो, आणि हवाही थोडीच मिळते.

गीताच्या आरंभीं श्वास नाकानें घ्यावा. नाक हवेस ऊबदार, ओलसर व स्वच्छ करितें. दोन चरणांच्या मध्यें तेवढा वेळ नसतो. तेथें तोंड व नाक दोन्हींनीं घ्यावा. पण घेतांना आवाज होऊं नये. 'हा' असा आवाज झाला तर घसा आवळलेला आहे असें समजावें. तसेंच, घागर कांठोकांठ भरण्याचा हट्टही नको. चार अक्षरांच्या चरणास छाती फुटेतों श्वास कशाला हवा? जेवढें गावयाचें तेवढाच घ्यावा.

३. श्वास खर्चणें

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. दीर्घ श्वास घेतल्यावर फुप्फुसें ताणलेल्या रबरासारखीं होतात. तीं आपण होऊनच आंखडूं पाहतात. म्हणून आरंभीं हवा जोरानें बाहेर धांवते. ज्यानें तिला मोकळें सोडलें, त्याचा पहिला शब्द गर्जनेसारखा निघतो, मधला बरा, आणि शेवटच्या शब्दास हवाच उरत नाहीं. तेव्हां तो गळा पिळून उरलेलें काम करूं पाहतो. याच ठिकाणीं शिरा फुगतात, सूर उतरतो आणि घसा दुखावतो.

शेतांत दारें धरणारा माणूस काय करितो तें आठवावें. पाटाचें पाणी त्यानें एकदम फोडून दिलें तर पहिल्या वाफ्याची माती वाहून जाते आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो. शहाणा दारें धरणारा तोंड बेताचें ठेवतो, हातांतील फावडें दूर टाकीत नाहीं, आणि जेवढें पाणी पहिल्या वाफ्यास तेवढेंच शेवटच्यास देतो. गाणाऱ्याचें फावडें म्हणजे त्याच्या बरगड्या व श्वासपटल. श्वास घेतांना बरगड्या जशा पसरल्या होत्या, तशाच त्या गाऊं लागल्यावरही कांहीं वेळ पसरलेल्या राहूं द्याव्या. त्यांस एकदम कोसळूं देऊं नये. चरण संपत आला म्हणजे मग पोटाच्या स्नायूंनीं हळूहळू आंत येऊन उरलेली हवा पुरवावी. इटलींतील गायनगुरु यास 'आप्पोज्जो', म्हणजे टेकणें, म्हणतात. आवाज जणूं श्वासावर टेकून उभा राहतो. गळ्यानें या कामांत मुळींच हात घालूं नये.

श्वास राखणें म्हणजे श्वास कोंडणें नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. श्वास घेऊन घसा बंद करून थांबलें, आणि मग धक्क्यानें सूर सोडला, तर त्या धक्क्याचा मार स्वररज्जूंसच बसतो. श्वास आंत येणें व सूर बाहेर जाणें हें झोंपाळ्याच्या जाण्यायेण्यासारखें एकांतून एक झालें पाहिजे.

४. श्वास कोठें घ्यावा

आमच्या मराठी पद्यरचनेनें श्वासाच्या जागा आधींच करून ठेविल्या आहेत. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा असतो. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचें यमक जुळतें. म्हणजे प्रत्येक चरणाच्या शेवटीं एक स्वाभाविक थांबा आहे, आणि चौथा चरण आंखूड असल्यामुळें तेथें तर गाणाऱ्यास सवडच दिलेली आहे. रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं अभंग व ओवी हे छंद आपल्या भक्तिरचनेस घेतले, त्यामुळें खेड्यांतील माणसाच्या श्वासास तीं गीतें परकीं वाटलीं नाहींत. पाश्चात्य चालींचीं गीतें गातांना मात्र अधिक सावध राहावें लागतें. कारण तेथें सूर लांब धरावे लागतात, आणि चालीचा थांबा व मराठी शब्दाचा शेवट हे नेहमीं एके ठिकाणीं येतातच असें नाहीं.

शब्दाच्या मध्यें श्वास तोडूं नये, हा नियम केवळ शोभेचा नाहीं. समजा, गीतांत 'तो सोडीना' असे शब्द आले, आणि गाणाऱ्याचा श्वास 'सोडी' येथेंच संपला. 'ना' पुढच्या श्वासांत गेला, आणि मागें बसलेल्या म्हातारीनें ऐकलें काय? 'तो सोडी!' सांत्वनाची धमकी झाली. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायांत गाण्याबरोबर बुद्धीचाही विचार केला आहे, तो उपदेशकांनीं या दृष्टीनें पुन्हां वाचावा. नवें गीत बसवितांना आधीं तें नुसतें वाचावें, जेथें अर्थ थांबतो तेथें पेन्सिलीनें लहान खूण करावी, आणि सर्वांनीं तेथेंच श्वास घ्यावा. एखादा सूर फार लांब असेल तर एका बांकावरच्यांनीं आधीं व दुसऱ्यांनीं मागून, असा आळीपाळीनें श्वास घ्यावा. ऐकणाऱ्यास खंड जाणवत नाहीं.

५. पट्टी

श्वास कितीही चांगला असला तरी पट्टी चढी धरली तर उपयोग नाहीं. पुष्कळ पुरुष काळी एक किंवा पांढरी दोनमध्यें, आणि पुष्कळ स्त्रिया पांढरी पांच, काळी चार किंवा काळी पांचमध्यें सुखानें गातात. मंडळींत दोघेही एकत्र असतात. म्हणून गीत चालविणाऱ्यानें स्वतःच्या गळ्यास काय शोभतें तें न पाहतां, त्या गीतांतला सर्वांत वरचा सूर बहुतेकांस न ओरडतां लागेल अशी पट्टी घ्यावी. ती सांपडेपर्यंत एक-दोन पट्ट्या खालीं-वर करून पाहण्यांत कमीपणा नाहीं. तसेंच ढोलकी, झांज व ध्वनिक्षेपक यांच्याशीं चढाओढ करूं नये. वाद्यें गाण्यासाठीं आहेत. तीं मोठीं झालीं तर आपण ओरडण्याऐवजीं त्यांस लहान करावें.

पूर्वीं पहाटेस दळतांना आपल्या आया-आज्या जात्यावर ओव्या गात. काम कष्टाचें, तरी गाणें सुटत नसे. त्यांची पट्टी खालची असे, आवाज जात्याच्या घरघरीच्या थोडासा वर, आणि ओळ हाताच्या फेऱ्याशीं जुळलेली. कोणत्याही शाळेंत न जातां त्यांस श्वासाचा हिशोब ठाऊक होता.

६. दुसऱ्यासही गाऊं द्यावें

आतां त्या उपदेशकांकडे वळूं. डॉक्टरांनीं घसा तपासून सांगितलें कीं, स्वररज्जूंवर बारीक गांठी धरूं लागल्या आहेत. कांहीं दिवस मौन पाळा, आणि मग गाण्याची रीत बदला. रीत बदलावी म्हणून आम्ही त्यांजजवळ बसून त्यांचें भजन ऐकलें. तेव्हां एक गोष्ट दिसली. भजनांत पुढचा चरण एकानें म्हणावयाचा व पालुपद सर्वांनीं उचलावयाचें, अशी आपली जुनी चाल आहे. हे बंधु चरणही म्हणत, आणि पालुपदही सर्वांहून मोठ्यानें म्हणत. त्यांस उसंतच नव्हती.

आम्ही म्हणालों, "तुम्ही पालुपद म्हणूं नका."

ते म्हणाले, "मी थांबलों तर गाणेंच थांबेल हो."

"थांबलें तर थांबूं द्या. ती जागा तुमच्या श्वासाची आहे."

पहिल्या रविवारीं खरोखरच तसें झालें. चरण संपला, ते गप्प राहिले, आणि देवळांत एकटी पेटी वाजत राहिली. सर्व त्यांच्या तोंडाकडे पाहूं लागले. त्यांचे ओंठ हालूं लागलेले आम्हीं पाहिले. पण त्यांनीं ते मिटले. इतक्यांत मागें सतरंजीवर बसलेल्या एका आजीबाईंनीं आपल्या खालच्या, कांपऱ्या आवाजांत पालुपद धरलें. मग स्त्रियांची बाजू, मग मुलें, आणि सर्वांमागून पुरुष. आजीबाईंनीं घेतलेली पट्टी उपदेशकांच्या पट्टीहून बरीच खालीं होती, आणि ती सर्वांस सोयीची होती. त्या दिवसापासून तीच ठेविली.

पुढें डॉक्टरांनीं पुन्हां पाहिलें, तेव्हां गांठी ओसरूं लागल्या होत्या. पण त्या बंधूंनीं आम्हांस जें सांगितलें तें वेगळेंच होतें. ते म्हणाले, "इतकीं वर्षें माझी मंडळी गात नाहीं अशी माझी तक्रार होती. मीच तिला जागा देत नव्हतों."

७. रोजचा अभ्यास

दिवसांतून दहा मिनिटें पुरेत. पण रोज करावा.

पहिला: घोंगडीवर उताणें निजून पोटावर गीतांचें पुस्तक ठेवावें. श्वास घेतांना पुस्तक वर यावें, सोडतांना खालीं जावें. छाती व खांदे स्वस्थ असावे. हें साधल्यावर बसून व मग उभें राहून तसेंच करावें.

दुसरा: श्वास घेऊन 'स्स्' असा आवाज करीत तो सोडावा व मनांत दहा अंक मोजावे. पहिल्या अंकास जेवढा जोर तेवढाच दहाव्यास असावा. कांहीं आठवड्यांनीं पंधरा, मग वीस. किती लांबलें यापेक्षां किती सारखें झालें हें पाहावें.

तिसरा: लहान मूल खेळांतली गाडी हांकतांना ओंठ फुरफुरवितें, तसे ओंठ फुरफुरवीत सा रे ग म प म ग रे सा असें हळू म्हणावें. श्वास सारखा नसेल तर फुरफुर तुटते. म्हणून हा गुरूवांचून गुरु आहे. यानें स्वररज्जूंस त्रासही होत नाहीं.

चौथा: सकाळीं खालच्या सुरांत 'ऊ' व 'आ' सौम्यपणें लावावे. खर्ज साधतांना आवाज खालीं ढकलूं नये. तो जेथपर्यंत सहज उतरतो तेथेंच थांबावें.

अभ्यास करितांना भोंवळ आल्यास लागलीच थांबून स्वस्थ बसावें. रक्तदाब, हृदयविकार किंवा अंतर्गळ असलेल्यांनीं व गरोदर भगिनींनीं श्वास कोंडून ठेवण्याचे प्रकार करूं नयेत.

८. घसा बसल्यास

घसा बसला असतां गाऊं नये, आणि मोठ्यानें कुजबुजूंही नये. जोराच्या कुजबुजीनेंही कंठास ताण पडतो. वारंवार खाकरणें सोडून पाण्याचा घोट घ्यावा. दिवसभर पाणी पीत राहावें. ज्येष्ठमध व खडीसाखर यांनीं घशास बरें वाटतें, परंतु गिळलेला पदार्थ अन्नमार्गानें जातो, स्वररज्जूंवर पडत नाहीं. म्हणून तीं खाऊन पुन्हां ओरडण्याची मोकळीक मिळते असें समजूं नये. तंबाखू, विडी, मिश्री व चुलीचा धूर हे आवाजाचे वैरी आहेत.

आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांत न गेल्यास डॉक्टरांस घसा दाखवावा. रक्त पडणें, गिळतांना दुखणें, श्वासास अडथळा किंवा मानेवर गांठ दिसल्यास तितकीही वाट पाहूं नये. दोन आठवडे वा अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यांत थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी व औषध तेथें विनामूल्य मिळतें. 'प्रार्थना केली आहे' म्हणून तपासणी टाळणें हा विश्वास नव्हे, हयगय आहे.

शेवटीं एवढेंच. श्वास आपण निर्माण केलेला नाहीं. तो आपणांस मिळाला आहे, आणि खर्चण्यासाठींच मिळाला आहे. जपून खर्चला तर पहिल्या चरणाइतकाच शेवटचा चरणही खरा निघतो, आणि दुसऱ्यांच्या श्वासासही जागा उरते.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. श्वास घेतांना पोट पुढें कां येतें? खांदे कां उचलूं नयेत?
२. दारें धरणाऱ्याच्या दृष्टांतांत पाणी, फावडें व शेवटचा वाफा म्हणजे काय?
३. मोठ्या अभंगाच्या चरणांत किती अक्षरें असतात? श्वास कोठें घ्यावा?
४. येत्या रविवारच्या एका गीतांत श्वासाच्या खुणा करून आणा.
५. आपल्या मंडळींत पालुपद कोण म्हणतो? ज्यांचा आवाज आपण आजवर ऐकला नाहीं असें कोणी आहे काय?